उत्तर ऐकून जा

परवा सकाळी पारनेरच्या स्टँडकडे वळले आणि समोरून वाटाण्याच्या गोण्या भरलेली पिकअप गेली. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. जाळीच्या गोण्यांतून हिरव्या शेंगा डोकावत होत्या आणि रस्त्यातल्या खड्ड्यागणिक दोन-चार खाली पडत होत्या. मी एक उचलली, पदराला पुसली आणि तिथेच उभी राहून सोलून खाल्ली. पन्नाशी उलटलेली, हातात पुस्तकांची पिशवी असलेली बाई भर रस्त्यात शेंग खातेय हे माझ्याच कॉलेजच्या दोन पोरांनी पाहिलं आणि तोंड वळवून हसली. हसू देत. श्रावण सरत आला की आमच्या पठारावर हा वास सुटतो, कच्चा, गोडसर, ओल्या पाल्याचा. तो नाकात गेला की मला माझी एक हरलेली लढाई आठवते. हरलेली म्हणते, पण ते नुसतं सवयीने. ती संपलीय असं मी अजून कुणाला म्हणू दिलेलं नाही.

मी इथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. हे वाक्य मी गेली सव्वीस वर्षं उच्चारते आहे आणि समोरच्याचा चेहरा सव्वीस वर्षं तसाच होतो. बँकेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. आधी थोडा आदर, मग थोडी दया आणि मग तो प्रश्न: त्याचा उपयोग काय? पूर्वी मी इमानेइतबारे उत्तर द्यायचे. चिकित्सा, विवेक असले शब्द वापरायचे. आता मी उलट विचारते, उपयोग म्हणजे काय? मग समोरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. माझा नवरा म्हणतो, अशाने तुला कुणी जेवायला बोलावणार नाही. बोलावतात तरी.

पहिल्या वर्षाची मुलं माझ्या वर्गात बहुतेक चुकून यायची. फॉर्म भरताना इतिहासाच्या जागा संपलेल्या असायच्या, किंवा मित्राने टाकला म्हणून यानेही हा विषय टाकलेला असायचा. कुणाला वाटायचं, हे कीर्तन-प्रवचनाचं काहीतरी असणार. एका वर्षी एक मुलगा चपला दाराबाहेर काढून आत आला आणि हात जोडून पहिल्या बाकावर बसला. मी त्याला म्हटलं, चपला घाल बाबा, इथे कुणाच्या पाया पडायचं नसतं. बिचाऱ्याने घातल्या, पण पुढचा महिनाभर तो माझ्याकडे संशयाने बघत होता.

या मुलांना अडीच हजार वर्षांचा इतिहास सांगायचा. पाठ्यपुस्तकात तो नावांनी सुरू होतो. नाव, गाव, जन्म, मृत्यू. मी दिवाळीपर्यंत एकही नाव घेत नाही. नाव सांगितलं की मुलं ते वहीत लिहितात, खाली दोन रेघा ओढतात आणि पेन खाली ठेवतात, म्हणजे विचार करायचं काम त्या माणसाने उरकून टाकलं, आता आपण फक्त पाठ करायचं. म्हणून मी नुसतं सांगते की फार पूर्वी समुद्रकाठच्या एका शहरात एक माणूस होता, तो म्हणाला, जगातलं सगळं पाण्यापासून झालं. आता तुम्ही बोला. इतक्या वर्षांच्या सवयीने मला इथेसुद्धा कुणाचं नाव घ्यावंसं वाटत नाही.

त्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी, पाण्यावर दोन दिवस भांडण चाललं. जिरायत गावातली पोरं ती. एकजण म्हणाला, त्या माणसाच्या दारात पाणी होतं म्हणून त्याला सुचलं, आमच्यात जन्मला असता तर सगळं मातीपासून झालं म्हणाला असता. त्यावर राळेगणसिद्धीची एक मुलगी उठली. लहानपणापासून तिने बांध, चर, पाणी कुठे मुरतं आणि कुठून पळतं हेच ऐकलेलं. ती म्हणाली, उलट आहे, ज्याच्याकडे पाणी नाही तोच पाण्याचा सगळ्यात जास्त विचार करतो. तो समुद्रकाठचा माणूस त्या दिवशी आमच्या वर्गात असता तर त्याला घाम फुटला असता.

आणि याच वर्गात, तिसऱ्या बाकावर, सुवर्णा होती. हिराबाईंची थोरली. बाप गेल्यावर आई एकटीच वावर बघत होती आणि ही घरातली कॉलेजात आलेली पहिली. ती या विषयात चुकून आली नव्हती. फॉर्मवर पहिल्या क्रमांकाला तिने हाच विषय लिहिला होता. कारण विचारलं तर म्हणाली, नाव वाचून कळलं नाही म्हणून घेतला, जे कळतं ते घरी बसूनही वाचता येईल. सव्वीस वर्षांत हे कारण मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

मी त्यांना त्या अनवाणी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, जो बाजारात लोकांना प्रश्न विचारत हिंडायचा आणि शेवटी त्याच्या गावाने त्याला विष प्यायला लावलं. ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. त्या वर्षीही सांगितली. मग सुवर्णाने हात वर केला. तिने विचारलं की हा दिवसभर बाजारात बोलत बसायचा तर घर कोण चालवत होतं? मी म्हटलं, बायको असणार. मग तिचं म्हणणं काय होतं? मी सांगितलं की ते कुणी नीटसं लिहून ठेवलेलं नाही, ती कटकटी होती एवढंच लोक सांगतात.

“म्हंजी आपन एकाच बाजूचं ऐकलं की मॅडम,” ती म्हणाली आणि वही मिटून बसली.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला स्वतःचा राग आला होता. वीस वर्षं मी ती गोष्ट सांगत होते आणि मला हा प्रश्न सुचला नव्हता.

आपल्याकडच्या जुन्या पंडितांची एक रीत होती. कुणाचं मत खोडायचं तर आधी ते मत आपणच मांडायचं, त्याच्याहून नेटकं मांडायचं, त्याला सुचलेल्या नसतील त्या बाजूही त्याच्या वतीने घालायच्या. याला पूर्वपक्ष म्हणतात. मग आपलं उत्तर, तो उत्तरपक्ष. बौद्धांचं म्हणणं नैयायिकाने, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडिताने मांडायचं, नैयायिकाचं बौद्धाने, आणि अशी शेकडो वर्षं ही मंडळी एकमेकांशी भांडत बसली. मला आमच्या देशाच्या साऱ्या परंपरेत ही एक गोष्ट सर्वांत प्यारी आहे. माझ्या वर्गात तिचा नियम साधा होता: समोरचा जोपर्यंत ‘व्हय, असंच म्हणतोय मी’ असं म्हणत नाही तोपर्यंत तुम्हाला उत्तर द्यायची परवानगी नाही.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. इरफान म्हणून एक मुलगा होता, त्याच्या घरचा मंडपाचा धंदा. त्याचा आणि एका माळकरी घरातल्या दत्तूचा वाद लागला, मटण खाण्यावरून. इरफानने दत्तूचं म्हणणं पहिल्याच दमात नीट मांडलं, दत्तू मान हलवून व्हय म्हणाला. दत्तूला मात्र इरफानचं काही केल्या मांडता येईना. तो मांडायचा आणि इरफान शांतपणे म्हणायचा, न्हाई, असं न्हाई म्हनत मी. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी इरफान एकदाचा व्हय म्हणाला तेव्हा दत्तूला आपलं स्वतःचं उत्तर द्यायचं भानच राहिलं नाही. तो दमून खाली बसला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. दोघांपैकी कुणाचंही मत बदललं नाही. मला ते बदलायचं नव्हतंच.

आणि मग वाटाणा आला.

वाटाणा थांबत नाही. शेंग भरली की चार-सहा दिवसांत तोडावी लागते, नाहीतर दाणा निबर होतो आणि बाजारात कुणी विचारत नाही. त्यामुळे भाद्रपदाच्या तोंडाशी आमचे वर्ग ओस पडतात. पट सत्तावीसचा होता, वर्गात नऊ मुलं यायला लागली. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं, पण त्याच वर्षी नवा फतवा निघाला होता. पहिल्या वर्षाला विषय चालवायचा तर वर्गात वीस मुलं प्रत्यक्ष बसलेली दिसली पाहिजेत, आणि पाहणी समिती येऊन ते बघून, विषयाच्या उपयुक्ततेबद्दल विद्यार्थ्यांचं मत ऐकून अहवाल देणार. अहवाल वाईट गेला तर पहिल्या वर्षाला विषय बंद. पहिल्या वर्षाला बंद म्हणजे पुढे मुख्य विषय म्हणूनही घेता येणार नाही, आणि दोन वर्षांत तो कॉलेजातूनच नाहीसा. सुवर्णाला पदवी याच विषयात घ्यायची होती. ती मला हे रोज सांगायची नाही, एकदाच सांगितलं होतं. मला तेवढं पुरेसं होतं.

प्राचार्य भले गृहस्थ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं की समितीच्या दिवशी दुसऱ्या वर्गातली मुलं आणून बसवू, सगळेच बसवतात. मी नाही म्हटलं. खरं काय आणि दिसतं काय यातला फरक शिकवायचा माझा विषय, आणि मीच भाडोत्री डोकी आणून बसवू? त्यांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, मग तुमच्या पद्धतीने करा.

माझ्या पद्धतीने मी सकाळी नऊची एसटी पकडून सुवर्णाच्या वावरात गेले. तिथे माझ्या वर्गातली चौघंजणं तोडणीला होती. बायका ओळीने उकिडव्या बसून शेंगा तोडत घमेल्यात टाकत होत्या, वारा सुटला होता, पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या. मी पदर खोचला आणि सुवर्णाच्या शेजारची ओळ धरली. हिराबाई म्हणाल्या, अवो बाई, तुमी बांधावर बसा. मी बसले नाही. अर्ध्या तासात माझ्या गुडघ्यांनी हात टेकले, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही.

तोडता तोडता मी प्रश्न टाकला. हा वाटाणा बियात आधीपासून होता, की नव्हता आणि नवा झाला? आपल्याकडे या एका प्रश्नावर पंडितांचे तट पडले होते. माझी चारही पोरं विचार करत राहिली आणि उत्तर आलं ते हिराबाईंकडून, मान वर न करता.

“बियात वाटाना आसता तर पेरायची दगदग कशाला केली आसती बाई? बीच शिजवून खाल्लं आसतं.”

“मंग हरभरा पेरून वाटाना का येत न्हाई?” सुवर्णा म्हणाली. “काहीतरी त्यात आधीच आसनार की.”

पंडितांतल्या एका बाजूने म्हटलेलं की घडा मातीत आधीच असेल तर कुंभाराची गरज काय, दुसऱ्या बाजूने म्हटलेलं की नसेल तर मग वाळूतून तेल का निघत नाही. मोठमोठ्या ग्रंथांतला हा वाद त्या दोघींनी चार वाक्यांत उरकला होता आणि दोघींच्या हातांचा वेग जराही कमी झाला नव्हता. मला तेव्हा त्या उपयोग विचारणाऱ्या सगळ्या लोकांना धरून आणून त्या बांधावर बसवावंसं वाटलं. हे या पोरांना जड जाईल म्हणता? हे त्यांच्या आयांना येतं.

सुवर्णाने मग नियमाप्रमाणे आईचं म्हणणं मांडलं. पाऊस, खत, खुरपणी, आईचे हात, हे सगळं मिळून वाटाणा नव्याने होतो, बी नुसतं निमित्त. हिराबाईंनी ऐकून घेतलं आणि व्हय म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी तक्रार केली की पोरगी आता घरीसुद्धा आधी माझंच बोलणं मला सांगते आणि मग भांडते, लई येळ जातो. तक्रार होती, पण त्या हसत होत्या.

समिती आली त्या दिवशी वर्गात वीस नाही, चौदा मुलं होती. तोडणी सोडून चौदा आली होती, तिघांच्या नखांत अजून हिरवं होतं. समितीत तिघे होते, बोलणारे एकच, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजचे एक सर. गोरटेले, गोड आवाजाचे. म्हणाले, तुमचं चालू द्या, आम्ही मागे बसतो. मी मुद्दाम फळ्यावर विषय लिहिला: पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान असावं की नसावं. प्राचार्यांनी डोळे मोठे केले. मला वाटलं, लपवायचं कशाला? जे त्यांच्या मनात आहे तेच समोर ठेवू आणि त्याला उत्तर देऊ. पूर्वपक्ष सुवर्णाने मांडायचा होता, उत्तरही तिचंच.

ती उभी राहिली आणि बोलली. मी तिच्याकडून इतकं चांगलं कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली की आमच्या घरातून मुलीला तीन वर्षं मिळतात, चौथं मागून मिळत नाही. त्या तीन वर्षांतला एकेक तास वावरातून काढून आणलेला असतो. तो तास अशा लोकांना द्यायचा का, ज्यांचं अडीच हजार वर्षांत एकमेकांत एका गोष्टीवर जमलं नाही? सुप्याला कंपनीच्या गेटवर विचारतात कॉम्प्युटर येतो का, मशीन येतं का. आत्मा आहे की नाही हे कुणी विचारत नाही. ज्यांच्या घरी दुसरं कुणी राबतं त्यांचा हा विषय, तो म्हातारासुद्धा बायकोच्या जिवावर बाजारात हिंडत होता. मागे बसलेले सर भराभरा लिहून घेत होते आणि मान हलवत होते. त्यांच्या पोटातलं सगळं कुणीतरी त्यांच्याहून सुंदर बोलून दाखवत होतं. नियमाप्रमाणे ती थांबली, त्यांच्याकडे वळली आणि विचारलं, असंच ना सर?

“अगदी असंच, बाळा,” ते म्हणाले. “फार छान बोललीस.”

आणि उठले. केबिनमध्ये चहा आला होता, अजून दोन विभाग बघायचे होते. बाकीचे दोघेही उठले. प्राचार्य पुढे धावले. सुवर्णाने ‘पण’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आणि मी काय केलं? मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली. पाहुण्याला अडवू नये हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. हजारो मुलांना मी बिनदिक्कत हात वर करायला शिकवलं आणि मला एका माणसाला ‘बसा, अजून संपलेलं नाही’ म्हणता आलं नाही. आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

सुवर्णाने उत्तरपक्ष मांडलाच. मागच्या तीन रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून, सगळा. वर्गातल्या तेरा जणांनी आणि मी तो ऐकला. ती म्हणाली की गेटवर आपल्याला काय येतं ते विचारतात हे खरं आहे. पण गेटच्या आत गेल्यावर आपल्यावरच काहीतरी विचारायची वेळ येईल, ते कुठे शिकायचं? पंडितांचं एकमेकांत जमलं नाही हेही खरं, पण न जमता शेकडो वर्षं बोलत राहिले, डोकी न फोडता. आमच्या गावात दोन भाऊबंद बांधावरून दोन मिनिटं बोलू शकत नाहीत. आणि ज्यांच्या घरी कुणी राबत नाही त्यांनीच हे शिकायचं, कारण आजवर त्यांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलं नाही.

वाटाण्याची तोडणी संपली, वेल उपटून जनावरांपुढे टाकले गेले, पोरं वर्गात परत आली. सव्वीसच्या सव्वीस बाकांवर. सत्तावीसाव्याचं लग्न ठरलं होतं. मग अहवाल आला. त्यात छापील मराठीत लिहिलं होतं की सदर विषय विद्यार्थ्यांना कालबाह्य वाटतो, रोजगाराशी त्याचा संबंध नाही असं विद्यार्थ्यांचंच स्पष्ट मत असून एका विद्यार्थिनीने ते समितीसमोर प्रभावीपणे मांडलं. पुढच्या वर्षापासून प्रवेश बंद, आणि चालू वर्गातल्या मुलांनी दुसरा विषय घ्यावा.

मी तो कागद सुवर्णापासून लपवू शकले असते. लपवला नाही. तिने व्हरांड्यात उभं राहून दोनदा वाचला.

“हे माजंच हाय मॅडम,” ती म्हणाली. “पर अर्धंच हाय.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, तरातरा प्राचार्यांच्या केबिनकडे चालू लागली आणि मी तिच्या मागे. प्राचार्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी मायेने विचारलं की तू तसं बोललीस की नाही? बोलले, ती म्हणाली, पण ते त्या सरांचं म्हणणं होतं, माझं नव्हतं. प्राचार्य गोंधळले. त्यांचं म्हणणं त्यांनी मांडलं असतं, तू कशाला मांडलंस? तिने माझ्याकडे पाहिलं. मी समजावायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की हा चांगला, शिकलेला माणूस खरोखरच गोंधळलेला आहे. दुसऱ्याचं म्हणणं प्रामाणिकपणे कुणी का मांडेल, हे त्यांना कळतच नव्हतं. ते म्हणाले, अहवाल गेला, आता माझ्या हातात काही नाही.

त्यांना तरी काय बोलायचं? टीव्हीवर रोज रात्री आठ माणसं आठ चौकटींत बसून ओरडतात, त्यात कुणी कुणाचं मांडतं? आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकाने काही टाकलं की दुसरा ते अर्धं वाचून त्याची जात, पक्ष आणि लायकी काढतो. ग्रामसभेत उत्तर यायच्या आत लोक चहाला उठतात. ही सगळी माणसं बिनकामाचे विषय न शिकता, अगदी उपयोगाचंच शिकून मोठी झालेली आहेत. मला विचारतात उपयोग काय. हाच की, बाबांनो.

सुवर्णाने राज्यशास्त्र घेतलं आणि त्यात पदवी मिळवली. माझ्या वाट्याला पर्यावरणाचे आणि मूल्यशिक्षणाचे तास आले, ते मी घेते, मुकाट्याने नाही, पण घेते. आणि शनिवारी सकाळी साडेसातला, भूगोलाची खोली रिकामी असते तेव्हा, मी फळ्यावर लिहिते की समुद्रकाठच्या एका शहरात एक माणूस होता. हा तास वेळापत्रकात नाही. याला गुण नाहीत, क्रेडिट नाही, हजेरी नाही. पहिल्या वर्षाची मुलं येतात. कधी सहा, कधी पंधरा, वाटाण्याच्या दिवसांत तीन. सुवर्णा तीन वर्षं एकही शनिवार चुकली नाही. शिपाई पहिल्या वर्षी कुरकुरला, आता तो स्वतःच मागच्या बाकावर बसतो आणि मध्येच, न्हाई पटलं बाई, म्हणतो.

आता सुवर्णा सुप्याला एका कंपनीत आहे, तयार झालेले सुटे भाग तपासायला. मागच्या उन्हाळ्यात भेटली तेव्हा तिने एक प्रसंग सांगितला. कंपनीची बस बायकांना हायवेला सोडायची आणि तिथून अंधारात गावापर्यंत चालत जावं लागायचं. बायका मॅनेजरकडे गेल्या की तो म्हणायचा, बघतो, आणि मीटिंगला निघून जायचा. एकदा हिने आधी त्याचंच सगळं म्हणणं मांडलं, डिझेल, ड्रायव्हरची वेळ, पुढच्या शिफ्टचा खोळंबा. तो खूश होऊन म्हणाला, अगदी असंच. आणि उठला. ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी होती. म्हणाली, साहेब, आता आमचं ऐकून जावा. बस आता गावाच्या वेशीपर्यंत आत येते. मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? वाटली की, ती म्हणाली, पर एकदा अर्ध्यावर उठून गेलेला मानूस बघितलाय ना मी.

दरवर्षी वाटाण्याच्या दिवसांत मी एक अर्ज करते: पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान परत सुरू करा. दरवर्षी तो फायलीत जातो. प्राचार्य निवृत्त झाले, नवे आले, अर्ज तोच, फक्त वरचं साल बदलतं. लोक मला हट्टी म्हणतात. आहेच मी. आणि या वर्षी पहिल्यांदाच उत्तर आलंय. येत्या गुरुवारी समिती येतेय, विषयाची पुन्हा पाहणी करायला, विद्यार्थ्यांचं मत ऐकायला. पत्राखाली अध्यक्ष म्हणून त्याच गोड आवाजाच्या सरांची सही आहे.

नव्या प्राचार्यांनीही डोकी आणून बसवायचं सुचवलं. मी या वेळीही नाही म्हटलं. शनिवारची पोरं जेवढी येतील तेवढी येतील, हिरव्या नखांनी येतील. फळ्यावर विषय तोच लिहिणार आहे. पूर्वपक्षही मांडणार, त्या सरांना स्वतःला कधी जमणार नाही इतका चांगला, एकही बाजू न लपवता. मागच्या वेळी पूर्वपक्षानेच आमचा घात केला म्हणून मी तो सोडावा, असं मला चार जणांनी सुचवलं. सोडला तर मग कशासाठी भांडतेय मी?

काल दुपारी सुवर्णाला फोन केला, नुसतं कळवावं म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. गुरुवारची रजा टाकते म्हणाली. मग विचारलं, तास कोणत्या खोलीत आहे? मी म्हटलं, आपल्या नेहमीच्या, भूगोलाच्या, गुरुवारपुरती मागून घेतलीय. तिच्या मागे यंत्राचा आवाज येत होता.

“तिला दार एकच हाय ना मॅडम?”

मी म्हटलं, हो, एकच.

“मंग त्यांचं म्हननं तुमी मांडा,” ती म्हणाली, “मी खुर्ची घेऊन दारात बसते.”